शिराझ ते जुने गोवे: जॉर्जियाच्या राणीचं हाड कसं सापडलं

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एका दुरुस्तीने सुरू करतो.

काही भागांपूर्वी गोव्याबद्दल बोलताना मी सहज म्हणून गेलो होतो, की जुन्या गोव्यात जॉर्जियाच्या एका राणीचं हाड सापडलं आणि डीएनए टेस्टने ते शंभर टक्के सिद्ध झालं. त्यावर एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, मॅच करायला राणीचा डीएनए आधीपासून कुणाकडे होता का?" प्रश्न एका ओळीचा, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बातम्या वाचून बोललो होतो. मग मूळ शोधनिबंध काढला, बसून वाचला आणि लक्षात आलं की आपण चुकलो. आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर देऊ. गोष्ट मोठी आहे, त्यामुळे चहा घेऊन बसा.

आधी जरा खुलताबाद

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी खुलताबादचा. वेरूळच्या लेण्यांवरून घाट चढून वर आलं की आमचं गाव. कुणी भद्रा मारुतीला येतं, कुणी दर्ग्यांवर. आणि आमच्या गावात पुरलेली बरीच मंडळी फार लांबून आलेली आहेत. मलिक अंबर जन्मला इथिओपियात, गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा कारभार त्याने हातात घेतला आणि १६२६ साली वारल्यावर त्याची कबर झाली ती खुलताबादला. चौदाव्या शतकातले सूफी संत झैनुद्दीन शिराझी यांचं तर गावच नावात आहे, इराणमधलं शिराझ. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरला मेला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला), पण त्याचा देह आणून ठेवला तो याच झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात.

त्या दर्ग्यात पैगंबरांचा मानला जाणारा एक झगा जपून ठेवलेला आहे. ईद-ए-मिलादला तो बाहेर काढतात तेव्हा दर्शनाला ही गर्दी. लहानपणापासून ते पाहिल्यामुळे 'पवित्र अवशेष' ही गोष्ट मला कधी विचित्र वाटली नाही. कुणाचं तरी काहीतरी जपलेलं असतं, लोक येतात, डोकं टेकवतात. रांगेत उभा राहून पुरावा कुणी मागत नाही. गोव्याच्या या गोष्टीत मात्र तो मागितला गेला.

१६२४: भातवडी आणि शिराझ

१६२४ हे साल इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाला माहीत असतं. भातवडीची लढाई. मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं आणि त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्याच साली, सप्टेंबर महिन्यात, इराणमधल्या शिराझ शहरात एका बाईला तापलेल्या सांडशीने छळून मारण्यात आलं. तिचं नाव केतेवान.

केतेवान ही काखेती राज्याची राणी. काखेती म्हणजे आजच्या जॉर्जिया देशाचा पूर्व भाग, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी. चौथ्या शतकात तिथल्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे आपल्याकडे गुप्तांचं आणि वाकाटकांचं राज्य चालू होतं, त्या काळात. म्त्स्खेता या जुन्या राजधानीच्या वर डोंगरावर ज्वारी नावाचं चर्च आहे. ते सहावं शतक संपता संपता आणि सातवं सुरू होताना बांधलं गेलं आणि अजून उभं आहे. अशी मध्ययुगाच्या सुरुवातीची चर्चेस त्या देशात जागोजागी आहेत. काही उभी, काही मातीखाली, काही उत्खननातून वर आलेली. त्यांचा धर्म ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमच्या पोपला न मानणारा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या छोट्या राज्यांची अडचण अशी, की एका बाजूला तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला इराणचे सफवी. केतेवानचा नवरा दावीद राजा झाला आणि १६०२ साली वारला. तीन वर्षांनी दिराने, कॉन्स्टंटाइनने, स्वतःच्या बापाला आणि भावाला ठार मारून गादी घेतली. हा कॉन्स्टंटाइन इराणच्या दरबारात वाढलेला आणि मुसलमान झालेला, पाठीशी शाह अब्बास. केतेवानने सरदारांना गोळा केलं, उठाव केला, त्यात दीर मारला गेला आणि तिचा मुलगा तैमुराज गादीवर बसला.

हे शाह अब्बास किती दिवस चालवून घेणार? काही वर्षांनी त्याने काखेतीवर स्वारी करायची तयारी केली. तैमुराजने वाटाघाटीसाठी आईला आणि आपल्या मुलांना ओलीस म्हणून पाठवलं. उपयोग झाला नाही. स्वारी झालीच, काखेती उद्ध्वस्त झाली आणि लाखाच्या वर माणसं उचलून इराणमध्ये वसवली गेली. इराणच्या फेरेदून भागात त्यांचे वंशज आजही जॉर्जियन बोलतात. केतेवानच्या दोन नातवंडांना खच्ची करण्यात आलं, पुढे दोघंही गेली.

केतेवान शिराझमध्ये दहा वर्षं कैदेत होती. शेवटी हुकूम आला: धर्म बदल, नाहीतर मर. तिने नाही म्हटलं. त्या वेळी शिराझचा सुभेदार होता इमाम कुली खान. त्याचा बाप अल्लावर्दी खान हा स्वतः जॉर्जियातून आणलेला गुलाम, जो इराणमध्ये सेनापतिपदापर्यंत चढला होता. म्हणजे जॉर्जियन राणीची शिक्षा जॉर्जियन रक्ताच्या सुभेदाराच्या शहरात अमलात आली. मलिक अंबरच्या कबरीजवळ वाढलेल्या मला यात फार नवल वाटलं नाही. त्या काळी गुलाम असेच वर चढत.

हाडांचा प्रवास

आता गोवा. शिराझमध्ये त्या वेळी ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज पाद्री होते. हे कॅथलिक, ती ऑर्थोडॉक्स, पण शेवटच्या काळात त्यांची तिच्याशी ओळख झाली होती. त्यांच्या दृष्टीने ही बाई धर्मासाठी मेलेली हुतात्मा होती. तिला पुरल्यावर दोन पाद्र्यांनी गुपचूप तिचे अवशेष उकरून काढले आणि लपवून ठेवले.

पुढे त्यांची वाटणी झाली. काही अवशेष तैमुराजकडे जॉर्जियात गेले आणि तिथल्या अलावेर्दीच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये ठेवले गेले. काही भाग १६२७ साली समुद्रमार्गे गोव्याला आला. गोवाच का? कारण पोर्तुगिजांचा पूर्वेकडचा सगळा कारभार तिथून चालायचा आणि ऑगस्टिनियन पंथाचं या भागातलं मुख्य घरही तिथेच होतं. शिवाय १६२२ साली इराणने इंग्रजांच्या मदतीने होर्मुझ पोर्तुगिजांकडून घेतलं होतं, त्यामुळे इराणच्या आखातात त्यांचे पाय डळमळले होते. मौल्यवान वस्तू गोव्यात ठेवणं सुरक्षित.

ही गोष्ट युरोपभर पसरली. लिस्बनच्या ऑगस्टिनियन मठात निळ्या फरश्यांवर केतेवानच्या मृत्यूचं चित्र आहे. जर्मन नाटककार आंद्रेयास ग्रीफिउसने तिच्यावर आख्खं नाटक लिहिलं. गोव्यातली पेटी मात्र हळूहळू सगळेच विसरले.

टेकडीवरचं चर्च

तुम्ही जुन्या गोव्याला गेला असाल तर बॉम जेझूची बॅसिलिका पाहिलीच असेल, सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव असलेली. तिथून वर चढून टेकडीवर गेलात, की एक उंच, अर्धा पडलेला जांभ्या दगडाचा मनोरा दिसतो. इन्स्टावर तुम्ही तो हजारदा पाहिलाय. तोच सेंट ऑगस्टीनचा मनोरा. खरं नाव 'नोसा सेन्योरा दा ग्रासा', म्हणजे कृपेची माता. बांधकाम १६०२ साली पूर्ण झालं. मनोऱ्याची उंची साधारण ४६ मीटर, म्हणजे पंधरा मजली इमारत समजा.

हे पडलं कसं? कुणी तोफ डागली नाही. १८३० च्या दशकात पोर्तुगालच्या सरकारने धार्मिक पंथांवर बंदी आणली आणि १८३५ साली मठ रिकामा झाला. रोगराईमुळे शहर आधीच ओस पडत चाललं होतं. देखभाल थांबली. आणि गोव्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जांभ्याच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा गेला की पाणी आत मुरतं. १८४२ साली मुख्य छत कोसळलं. १८७१ साली मनोऱ्यातली घंटा पणजीला नेली. पणजीच्या प्रसिद्ध पांढऱ्या चर्चवर आज जी मोठी घंटा आहे, ती हीच. १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. मधल्या काळात लोकांनी दगडही नेले.

थोडक्यात, शोधायची होती एक छोटी पेटी, आणि तिच्यावर शंभर-दीडशे वर्षांचा ढिगारा.

कागद आधी, कुदळ नंतर

जॉर्जिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. १९८० च्या दशकाच्या शेवटाला तिथले अभ्यासक गोव्यात येऊ लागले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाबरोबर शोध सुरू झाला. १९९१ साली देश स्वतंत्र झाल्यावरही तो चालू राहिला. नव्या देशासाठी ही राणी फक्त संत नव्हती. मोठ्या साम्राज्याला 'नाही' म्हणणारी आपली बाई, असं तिचं स्थान होतं.

शोधाची गुरुकिल्ली होती जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत. मठाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं, की राणीचे अवशेष दगडी पेटीत, चॅप्टर चॅपेलमध्ये, एका ठरावीक बाजूच्या दुसऱ्या खिडकीत ठेवलेले आहेत. चॅप्टर म्हणजे मठातले पाद्री बैठकीला जमायचे ती जागा. पत्ता अगदी नेमका. फक्त अडचण ही, की जमिनीवर ना चॅपेल दिसत होतं, ना खिडकी. तुमच्याकडे आख्खा पत्ता आहे, फ्लॅट नंबरसकट, पण बिल्डिंग पडलेली आहे, असं समजा.

म्हणून मग आधी बिल्डिंग शोधायची. ढिगारा उपसायचा, भिंतींचे पाये मोकळे करायचे, कुठली खोली कुठली ते नकाशावर बसवायचं. या कामात चर्चचे कोनाडे, जमिनीतल्या थडग्यांच्या कोरीव शिळा, रंगीत फरश्यांचे तुकडे, असं बरंच वर आलं. आज तुम्ही तिथे फिरता तेव्हा जी गुडघाभर-कमरेइतकी भिंत दिसते, खोल्यांची रचना कळते, ती या कामामुळे. शेवटी २००४-०५ च्या सुमारास चॅप्टर चॅपेलच्या भागात हाताच्या लांब हाडाचा तुकडा मिळाला.

इथे लगेच 'सापडली राणी!' म्हणावंसं वाटतं. पण थांबा. मठात माणसं पुरलेली असतातच. चर्चच्या जमिनीत डझनावारी थडगी असतात आणि छत पडल्यावर सगळं इकडचं तिकडे झालेलं. हाडावर काही नाव लिहिलेलं नव्हतं.

हैदराबादची लॅब

मग हाड गेलं हैदराबादला, सीसीएमबीकडे. सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी ही आपल्या देशातली या विषयातली आघाडीची संस्था. नीरज राय, के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केलं. निबंध 'माइटोकॉन्ड्रिऑन' या जर्नलच्या २०१४ च्या अंकात आला.

आता थोडं बायोलॉजी, घाबरू नका. मी पण बीटेकवाला आहे, बारावीनंतर बायोलॉजी सोडलेला. पेशीच्या केंद्रातला डीएनए अर्धा आईकडून, अर्धा वडलांकडून. त्याशिवाय पेशीत माइटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा वेगळा छोटा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. मुख्य डीएनएच्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती, याच्या शेकडो किंवा त्याहून जास्त. चारशे वर्षं गोव्याच्या ओल्या गरम मातीत पडलेल्या हाडात डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात. ज्याच्या कॉपी जास्त, तो वाचण्याची शक्यता जास्त. बॅकअपचं साधं लॉजिक.

दुसरा धोका म्हणजे भेसळ. ज्याने उकरलं, ज्याने धुतलं, ज्याने लॅबमध्ये हातात घेतलं, त्या प्रत्येकाचा डीएनए हाडावर चिकटू शकतो. म्हणून अशा कामात वरचा थर घासून काढतात, आतली पूड घेतात आणि मिळालेला क्रम पुन्हा पुन्हा तपासतात.

निकाल आला: यू१बी. हा एक हॅप्लोग्रुप आहे. हॅप्लोग्रुप म्हणजे आईकडच्या वंशाची एक शाखा. एका खूप जुन्या पणजीपासून निघालेल्या सगळ्या लेकी-नातींची खूण. संशोधकांनी भारतातल्या २२ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीशी तुलना केली. यू१बी एकातही नाही. मग ३० जॉर्जियन लोकांचे नमुने पाहिले. त्यात दोघांत तो मिळाला.

मग हाड राणीचंच का?

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. राणीचा डीएनए आधी कुणाकडे होता का? नाही. तिच्या वंशजाशी जुळवला का? तेही नाही. आणि तिच्या मुलाच्या, तैमुराजच्या वंशातलं कुणी आज समोर उभं राहिलं तरी या टेस्टला उपयोग नाही, कारण हा डीएनए मुलगा पुढे देत नाही. लागेल ती व्यक्ती केतेवानच्या आईकडून किंवा बहिणीकडून, आई-लेक-नात अशा अखंड साखळीने आलेली.

म्हणजे या टेस्टने जे दिलं ते आधार कार्ड नाही, पिनकोड आहे. पिनकोड सांगतो की पत्र कुठल्या भागातलं, घर सांगत नाही. शिवाय यू१बी जॉर्जियाच्या आसपासच्या प्रदेशातही आढळतो. त्या काळी आर्मेनियन व्यापारी हिंदी महासागरभर फिरत होते. त्यांच्यातलाच कुणी गोव्यात मेला आणि या मठात पुरला गेला असेल, तर? ही शक्यता शून्य नाही.

पण आता सगळे धागे एकत्र ठेवा. एक, लेखी नोंद सांगते की जॉर्जियन राणीचे अवशेष या मठात आले. दोन, नोंद खोली आणि खिडकी सांगते आणि हाड त्याच चॅपेलच्या भागात मिळालं. तीन, ते हाड भारतीय वंशाचं दिसत नाही आणि जॉर्जियात मिळणाऱ्या वंशाचं आहे. एकेक धागा कच्चा आहे. नुसता डीएनए असता तर मी म्हणालो असतो, असेल कुणी परदेशी. नुसती नोंद असती तर म्हणालो असतो, कागदावर काय काहीही लिहितात. पण एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा दुसरं स्पष्टीकरण शोधणं अवघड होतं.

आणि स्वतः संशोधकांनी काय लिहिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'बहुधा' आहे. हे हाड बहुधा राणी केतेवानचं. 'सिद्ध झालं' हे बातम्यांनी केलं, आणि मीही. म्हणून माझं ते 'शंभर टक्के' आज मागे घेतो.

घरी परत

पुढची गोष्ट छोटी आहे. २०१७ साली भारताने हे अवशेष सहा महिन्यांसाठी जॉर्जियाला पाठवले. तिथे शासकीय इतमामात स्वागत झालं. मुदत आणखी सहा महिने वाढली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ते परत आले. मग जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जॉर्जियाच्या दौऱ्यात अवशेषांचा एक भाग त्या देशाला कायमचा भेट दिला. शिराझहून निघालेल्या राणीला वाटेत गोवा लागला, आणि घरी पोचायला जवळजवळ चारशे वर्षं गेली.

यात राजनैतिक हिशेब होता का? असणारच. दोन देशांत मैत्री वाढवायला याहून चांगली भेट कुठली? पण जॉर्जियातली जी आजी दर्शनाला आली असेल, तिच्यासाठी यू१बी वगैरे काही नव्हतं. तिच्यासाठी ती राणीच. खुलताबादला झग्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माझ्या शेजारच्या चाचींसारखीच.

मला दोन्ही पटतं, आणि दोन्ही वेगळं ठेवावं असंही वाटतं. श्रद्धेला पुरावा लागत नाही, तो तिचा हक्क. पण इतिहास म्हणून एखादी गोष्ट सांगायला आपण माइक हातात घेतला, की 'बहुधा' हा शब्द गिळायचा नाही. हे मी का म्हणतोय, तर हल्ली आमच्या गावाचं नाव बातमीत आलं की ते एका कबरीच्या वादापायीच येतं. त्या वादात दोन्हीकडून फॉरवर्ड येतात आणि एकातही 'बहुधा' नसतं. सगळ्यांना सगळं शंभर टक्के माहीत असतं. मलिक अंबर, शिराझहून आलेले संत, बाकीची कबरस्तानं, यांच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मेलेल्या माणसांना आपण काय वाट्टेल ते बोलायला लावू शकतो, कारण ती दुरुस्तीचा मेसेज पाठवत नाहीत. तुम्ही पाठवता, म्हणून बरं.

तर पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा बॅसिलिका पाहून लगेच बीचवर पळू नका. टेकडी चढा, मनोऱ्याखाली उभे राहा आणि मागच्या बाजूच्या त्या बुटक्या भिंतींत थोडं फिरा. त्यातल्या एका खोलीत दुसरी खिडकी होती.

आजच्यापुरतं एवढंच. कुठे चुकलो असेन तर नक्की कळवा, पुढचा भाग त्यावरच करू. भेटूया, काळजी घ्या!